आत कोन हाय?

१

खोटं बोलायला मोठं कारण लागतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा नितेशकडे पाहावं. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात तो असिस्टंट मॅनेजर. एक दिवस कॅन्टीनमध्ये सगळे आपापल्या आईचं कौतुक सांगत बसले होते. कोणाची आई बँकेत, कोणाची पोस्टात, आणि साहेबांच्या, म्हणजे अश्विन सरांच्या आईची तर पुण्यात गाण्याची शाळा. भेंडीची भाजी चावता चावता नितेश म्हणाला, "माझी आई शिक्षिका होती. मराठी शिकवायची. आता रिटायर झाली." बरं, त्याला कोणी विचारलंही नव्हतं!

त्याची माय पार्वताबाई. चांदूर रेल्वेपासून आत धानोडी गाव आहे, तिथं काळ्या रानातला वावराचा तुकडा आणि दोन खोल्यांचं घर एकटी सांभाळायची. शाळेचं तोंड बाईनं पाहिलेलं नाही, बँकेत अंगठा लावायची. बोलायला लागली की पलीकडच्या वावरातले बैल मान वर करायचे. नितेशचे वडील खुशालराव वारल्यापासून कापूस वेचायला जाताना त्यांचाच फुल बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवायची, म्हणजे पऱ्हाटीनं हात ओरबाडत नाहीत. त्याच कापसावर नितेशचा डिप्लोमा झाला, लग्न झालं, अमरावतीला फ्लॅट झाला.

ती फ्लॅटवर आली की बेल वाजवायची नाही. दारावर थापा मारायची आणि "नित्या! उघड बाप्पा, पाय दुखून राह्यले!" म्हणून अख्खा जिना गोळा करायची. नितेश आधी समोरच्यांचं दार बंद आहे ना ते पाहायचा आणि मग आपलं उघडायचा. त्याला मायची लाज वाटायची. आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची. बायको माया म्हणायची, "तुमचीच आई आहे, तुम्हीच सांगा हळू बोलायला." ते त्याच्यानं कधी झालं नाही.

अश्विन सरांना दगडी देवळांचा भारी नाद. कुठंतरी वाचून त्यांनी विचारलं, "नितेश, धानोडी तुमचंच गाव ना? तिथं जुनं हेमाडपंती देऊळ आहे म्हणे. या रविवारी जाऊ या. माझ्या बायकोला, संध्यालाही दाखवू." आता साहेबाला नाही कोण म्हणणार? नितेशनं मनातल्या मनात हिशोब केला. वेचणी लागली आहे, माय वावरात असेल, देऊळ नाल्याच्या अलीकडं. गावात शिरायचंच नाही. देऊळ दाखवायचं आणि परस्पर माघारी यायचं.

२

देऊळ झकास होतं, त्यात वाद नाही. काळा दगड, चुना नाही, माती नाही, चिऱ्यावर चिरा बसवलेला. भिंतीवर हत्तींची रांग, ढोल वाजवणारे गडी, आरसा धरलेली बाई. बऱ्याच मूर्तींची नाकं झिजून सपाट झालेली. संध्या मॅडम फोटो काढत होत्या आणि सर प्रत्येक खांबाला हात लावून "अहाहा" करत होते. नितेश लहानपणी याच खांबांना लोंबकळला होता, पण ते त्यानं सांगितलं नाही.

गाभारा जमिनीच्या खाली. अरुंद, अंधारा, पायऱ्या कायम ओल्या. म्हणून तिथं एका वेळी एकच माणूस उतरतं. वर दाराशी गुरव बसलेला असतो. खाली गेलेलं माणूस निघायच्या बेतात आलं की तो विचारतो, "आत कोन हाय?" उंबऱ्याशी जो कोणी उभा असेल त्यानं म्हणायचं, "आपलं मानूस हाय." नात्यातलाच पाहिजे असं काही नाही, वाटसरू म्हणाला तरी चालतं. मग गुरव घंटेला टोला देतो आणि खालचं माणूस वर येतं. पायऱ्यांवर टक्कर होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी लावलेली शिस्त, एवढंच नितेश समजत आला होता.

दाराशी आले तेव्हा पायरीखाली चप्पल दिसली. अंगठा तुटलेला, तांब्याच्या तारेनं ओवलेला. ती तार त्यानंच ओवून दिली होती.

आणि खालून आवाज आला. मायचाच, दुसरा कोणाचा असणार? ती देवाशी बोलत होती, म्हणजे भांडतच होती. "पहिल्या वेचणीची वात लावून राह्यली तुले, महादेवा! पोराले सुखी ठेव माह्या. त्याले येवाले टाइम नाई, तं तू तरी जाय त्याच्या घरी!"

संध्या मॅडम हसल्या. "किती गोड! कोण आहेत या?"

नितेशला सगळं दिसलं. आता ती वर येणार. अंगात बापाचा मळका शर्ट, खोचलेलं लुगडं, केसांत कापसाची पत्ती. "नित्या! कधी आला रे!" म्हणून गळ्यात पडणार. मग सर म्हणणार, या तुमच्या शिक्षिका आई का?

एवढ्यात नत्थुजी गुरवानं मान वर केली. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं कमी. सवयीनं त्यानं विचारलं, "आत कोन हाय?"

"आपल्याला विचारतायत का?" सर म्हणाले.

"नाही सर," नितेश म्हणाला. घाईघाईत आवाज जरा मोठाच निघाला. "असेल कोणीतरी गावातली. आमचं कोणी नाही."

खालचं बोलणं थांबलं.

नत्थुजी थोडा वेळ वाट पाहत बसला, हातातला घंटेचा दोर त्यानं हलवला नाही. नितेशनं पाठ फिरवली आणि आरशाच्या बाईकडे पाहत उभा राहिला. पायऱ्यांवर पाऊल वाजलं आणि मागून आवाज आला, "सावकाश उतरा हं ताई, पायऱ्या ओल्या आहेत."

आवाज मायचा होता, बोली नव्हती.

त्यानं वळून पाहिलं तोवर ती वाटेला लागली होती. पाठमोरी, फिकट रंगाची सहावारी साडी, खांद्यावर नीट घेतलेला पदर. एकदाही मागं पाहिलं नाही. नितेशला कळलं, म्हणजे त्याला वाटलं की कळलं. मायनं ऐकलं आणि त्याची अब्रू राखायला अनोळखी बाई झाली. मायानं दिवाळीला दिलेली साडी नेसली असेल. या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्या मॅडमनी मोबाइलचा उजेड खाली मारला आणि म्हणाल्या, "अजून एक बाई बसल्यात की आत."

"मूर्ती असेल मॅडम," नितेश म्हणाला. "चला, ऊन व्हायच्या आत निघू."

३

गावाकडं फोन करून माफी मागायची असं त्यानं ठरवलं. आज करतो, उद्या करतो करत दिवस गेले. माफी मागायची म्हणजे आधी ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं, आणि तेच तर नको होतं.

मग एका सकाळी बेल वाजली. एकदाच, हळूच. मायानं दार उघडलं, तर पार्वताबाई उभ्या. हातात छोटी बॅग, डोळ्यांना चष्मा. "येऊ का गं आत?" म्हणाल्या.

माया तर बघतच राहिली. त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. भांडी वाजायची नाहीत. कोणी आलं की "या, बसा," चहाबरोबर पाणी, दोन गोड शब्द. समोरच्या काकूंशी पाककृतींची देवाणघेवाण सुरू झाली. माया खूश. नितेशही आधी खूशच होता, खोटं कशाला बोला? मायनं मनावर घेतलं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

पण एका रविवारी तो अंघोळ करून बाहेर आला, तर माय बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. मांडीवर पेपर. डोळे ओळीवरून सरकत होते. मधेच थांबली, स्वतःशी हसली आणि पान उलटलं.

नितेश टॉवेल धरून तसाच उभा राहिला. मग आत येऊन मायाला म्हणाला, "माय पेपर वाचून राह्यली."

"मग?" माया म्हणाली. "गावात असतात ना ते प्रौढांचे वर्ग. शिकल्या असतील. तुम्हाला काय, त्या सुधारल्या तरी त्रासच!"

बरोबर होतं तिचं. वर्ग असतात. म्हाताऱ्या बायका शिकतात, सही करतात, त्यांचे फोटोही येतात. नितेशनं स्वतःला दहादा बजावलं. तरी त्याची नजर पुन्हा पुन्हा बाल्कनीकडे जात होती.

४

सर आणि मॅडम चहाला आले. ते कसं टाळायचं हे त्याला सुचलं नाही. संध्या मॅडमनी पार्वताबाईंना पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "अय्या, तुम्ही त्या दिवशी देवळात भेटलात ना? आणि नितेश, तुम्ही तर म्हणालात..."

नितेश घाईनं बिस्किटांची बशी पुढं करू लागला.

"हो, मीच होते," पार्वताबाई हसून म्हणाल्या. "हा पाठमोरा होता, ह्यानं मला पाहिलंच नाही. आणि मला शाळेच्या कार्यक्रमाला जायची घाई. घरी आल्यावर इतके हसलो आम्ही!"

किती सहज खोटं बोलली! त्याच्यासारखीच, भेंडी खाता खाता बोलावं तशी. सगळे हसले. मग ती शाळेच्या गोष्टी सांगू लागली. कोणता वर्ग पावसात गळायचा, कोणती मुलगी कविता म्हणताना रडायची, शिपाई घंटा द्यायला कसा विसरायचा. सर कान देऊन ऐकत होते. जाताना ते नितेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अशी आई मिळायला भाग्य लागतं."

पाहुणे गेल्यावर नितेश स्वयंपाकघरात गेला. ती कप विसळत होती. त्यानं विचारलं, "माय, बाबाचा शर्ट कोठी हाय?"

"कुठला शर्ट, बाळा?"

"वेचाले जातानी घालते तो."

ती मान तिरकी करून त्याच्याकडे पाहत राहिली. राग नाही, गोंधळ नाही. एखाद्या पोरानं भलतंच उत्तर दिल्यावर बाई पाहतात तशी. मग तिनं ओला हात त्याच्या गालावर ठेवला. "दमलायस तू."

तो हात मऊ होता. नितेशनं तो धरला आणि उलटा करून पाहिला. बोंडांनी फाटलेल्या त्या बोटांच्या भेगा, विळ्याचा तो अंगठ्यावरचा वण, काही नव्हतं. फक्त मधल्या बोटाच्या पेरावर एक छोटा घट्टा होता. वर्षानुवर्षं पेन धरणाऱ्याला पडतो तसा.

त्यानं हात सोडला. कोणाला सांगणार? मायाला सांगायचं तर देवळातलं सांगावं लागणार. देवळातलं सांगायचं तर कॅन्टीनमधलं. आपण आपल्याच मायला ओळख दिली नाही, हे बायकोपुढं उच्चारायचं? त्यापेक्षा ही बाई घरात असलेली बरी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. आणि ते मनात आलं म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडला.

५

शेवटी एक दिवस कारखान्यात आजारी असल्याचं कळवून तो धानोडीला गेला. दुपारची वेळ होती. घराला कुलूप. कुंपणाशी शेजारची माणिकबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काऊन रे नितेश, पार्वता कई येते? कापूस झाडालेच लोंबून राह्यला तिचा. सांगून बी नाई गेली. तुह्याच घरी हाय ना?"

"हो," नितेश म्हणाला. "माह्याच घरी हाय."

"मंग बरं हाय. आम्ही आपले घोर लावून बसलो होतो."

तो तिथून निघाला तो सरळ देवळात. पायरीखाली चप्पल तशीच होती. अंगठ्याला तांब्याची तार, आणि वर धूळ बसलेली. तो खालीच बसला. किती वेळ बसला कोण जाणे.

नत्थुजी दाराशी पेंगत होता. नितेशनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, हे चप्पल कोनाची?"

"कोनाची का असेना, पडून हाय. कोनी नेत नाई." म्हातारा कुरकुरला. "तुमाले दर्शन घ्याचं हाय का? मंग उतरू नका आत्ता. आत मानूस हाय."

"कोण?"

"मले का दिसते? बोलते आतून. मी विचारतो रोज, उंबऱ्यावर कोनी राहत नाई तं घंटा कशी द्याची?" आणि सवयीनं त्यानं हाक दिली, "आत कोन हाय?"

देवळात दुसरं कोणी नव्हतं. ना साहेब, ना मॅडम, ना गावातलं माणूस. नितेशनं उंबरा घट्ट धरला.

"माही माय हाय," तो म्हणाला. "आपलं मानूस हाय!"

नत्थुजीनं टोला दिला. घंटेचा आवाज खाली गेला आणि बराच वेळ खालीच राहिला.

मग कोणीतरी उठलं. पायऱ्यांवर पाऊल पडू लागलं, पण ते पावलासारखं वाजत नव्हतं. जमिनीवरून पाटा सरकवताना होतो तसा खरखर आवाज, मग थांबायचं, मग पुन्हा खरखर. ओल्या दगडाचा आणि विझलेल्या वातीचा वास वर आला. नितेश जागचा हलला नाही. ही एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी.

उजेड जिथवर पोचत होता तिथं एक हात आला आणि त्यानं दाराची दगडी चौकट धरली. मनगटावर निळ्या चौकड्याची बाही, खुशालरावांच्याच शर्टाची, बटण तुटलेलं. बाहीच्या पुढचा हात चौकटीच्या रंगाचा होता. हात कुठं संपतो आणि चौकट कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. बोटांवर बोंडांचे ओरखडे होते, सगळे जिथल्या तिथं. पण ते कोरलेले होते.

"नित्या," माय म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलत होती. "संगं कोन कोन हाय रे?"

"कोनी नाई माय. मी एकटाच हाय. चाल, घरी चाल."

"तुहे सायेब?"

"नाई आले. चाल ना वं, माय."

मग ती म्हणाली, "नोको बाप्पा. तवाच लाज वाटली तुले, आता पाह्यलं तं अजून वाटन. मी राहतो अठीच. ते बाई बरी हाय ना रे? तुले नीट जेवू घालते ना?"

हात एका वितीवर होता. पुढं होऊन धरायचा, ओढायचा, जशी असेल तशी उजेडात आणायची, एवढंच काम होतं. तेवढ्यासाठीच तर तो आला होता. पण नितेशच्या डोळ्यांपुढं आधी काय आलं असेल? जिना. समोरच्यांचं दार. अशा मायला घेऊन आपण त्या जिन्यानं वर कसं जायचं, हे. आणि ती येत नाही म्हणाली तेव्हा छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्याला हलकं वाटलं. पुढं कितीही वेळा त्यानं ते आठवून पाहिलं, तरी आधी तेच वाटलं होतं.

"हो माय," तो म्हणाला. "बरी हाय ते."

"मंग झालं तं. जाय आता. मायाले बोलजो नोको काई."

बोटं एकेक करून चौकटीवरून सुटली. खरखर आवाज खाली गेला. नत्थुजीनं विचारलं, "आलं का आपलं मानूस?" नितेश गाडीकडं चालू लागला, आणि जाता जाता ती चप्पल त्यानं पायानं पायरीच्या आत सरकवून दिली.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. "आलास? हात धुऊन घे, पान वाढते," ती म्हणाली. त्यानं हात धुतले आणि जेवायला बसला. वरण-भात, वर लिंबू, तूप. त्यानं दोनदा भात मागून घेतला.